पार्श्वभूमी : ‘पिक इट अप’मधला ‘अप’ कुणाचा?

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यावर बाची संपलं की शिनोळी लागतं आणि राज्य बदलतं, कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. पण दोन्हीकडच्या मराठी शाळांतली पोरं इंग्रजीत एकाच दगडाला ठेचकाळतात. ‘पिक अप इट’ लिहिलं की फुली, ‘लुक इट आफ्टर’ लिहिलं तरी फुली. ‘इट’ एकदा मध्ये पाहिजे, एकदा शेवटी. आमच्या वर्गात एकाने विचारलं होतं, ‘‘सर, हे ‘अप’ कुणाचं वो?’’ सर म्हणाले, ‘‘पाठ कर.’’

या छोट्या शब्दांची जुनी गोष्ट पटकन उरकतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते बहुधा क्रियापदाच्या आधी, उपसर्गासारखे लागत. आपल्याकडे प्रहार, संहार, विहार होतात तसंच. ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘विथस्टँड’ ही त्या काळाची शिल्लक. (‘विथ’चा जुना अर्थ ‘विरुद्ध’, म्हणून ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात टिकून राहणं.) पुढे नॉर्स (व्हायकिंगांची भाषा) बोलणाऱ्यांशी संबंध आला, उपसर्ग झिजत गेले आणि साधारण १२व्या शतकापासून हे शब्द क्रियापदाच्या नंतर जाऊन बसलेले दिसू लागतात. १७५५च्या एका मोठ्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत कोशकाराने लिहून ठेवलंय की परक्या माणसाला क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या या जोड्या सगळ्यात अवघड जातात. अडचण जुनीच होती, नाव मात्र नव्हतं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापील पुस्तकात रुळलं ते १९२५पासून. आमच्या आजोबांच्या शाळेत ते पोचलंच नव्हतं.

खरा गुंता आपल्या बाजूला झाला, आणि तो एका पारिभाषिक शब्दाचा आहे. १८३६ साली मुंबईत मराठीचं एक व्याकरण निघालं. त्या आणि त्याच्या मागून आलेल्या व्याकरणांनी शब्दांच्या ज्या आठ जाती घट्ट केल्या, त्यांची चौकट इंग्रजी व्याकरणातून आलेली होती. त्या चौकटीत ‘प्रेपोझिशन’च्या खान्यात आपलं ‘शब्दयोगी अव्यय’ बसलं. मराठीसाठी हे नाव अगदी नेमकं आहे. ‘घरावर’मधला ‘वर’ शब्दाला चिकटतो, लिहितानाही जोडूनच लिहितात. ‘तो वर गेला’ यातला ‘वर’ मोकळा, म्हणून ते क्रियाविशेषण. एकच शब्द, दोन कामं, आणि लिहिण्याची पद्धतच सांगते कोणतं काम चाललंय. कन्नडमध्येही जात तीच : ‘मनेय मेले’ म्हणजे घरावर, ‘मेले होगु’ म्हणजे वर जा. बेळगावच्या पोराच्या कानावर दोन्ही भाषा असतात आणि दोन्हीत हा शब्द नामाच्या मागून येतो.

इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो, आणि काहीही जोडून लिहिलेलं नसतं. ‘रॅन अप अ हिल’ आणि ‘रॅन अप अ बिल’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्यात ‘अप’ टेकडीचा आहे, म्हणजे टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात तो धावण्याचा आहे, म्हणजे उधारी वाढवून ठेवली. एकाला शब्दयोगी म्हणावं, दुसऱ्याला क्रियाविशेषण. पण शाळेत दोन्ही ‘अप’ शब्दयोगीच्याच यादीत पाठ करून घेतले आणि तिथेच वाट चुकली. माझ्या मते चूक व्याकरणकारांची नाही, त्यांनी मराठी बरोबर मांडली. चूक नंतरच्यांची, ज्यांनी ते नाव उलट फिरवून इंग्रजीला चिकटवलं.

खरं तर वेगळं काढायची युक्ती सर्वनामातच आहे. टेकडीच्या जागी ‘इट’ घाला : ‘रॅन अप इट’. बिलाच्या जागी घाला : ‘रॅन इट अप’. नाम असेल तर ‘पिक अप द पेन’ आणि ‘पिक द पेन अप’ दोन्ही चालतं, सर्वनाम आलं की मध्येच. कारण बोलण्याच्या ठेक्यात आहे. क्रियापदाचा सोबती असलेल्या ‘अप’वर जोर पडतो, आणि इंग्रजीला जोराचा शब्द शेवटी आवडतो. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू, तिच्यावर जोर कशाला? ती मध्ये दबून जाते. ‘लुक आफ्टर हिम’मधला ‘आफ्टर’ मात्र ‘हिम’चा आहे, तो त्याला सोडून जात नाही.

जोडीने अर्थ का बदलतो, हे सांगायलाही दूर जावं लागत नाही. ‘ईट इट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’. कन्नडमध्ये ‘तिंदुबिडु’. ‘टाक’मध्ये टाकणं नाही, ‘बिडु’मध्ये सोडणं नाही, ‘अप’मध्येही वर जाणं नाही. तिन्ही ठिकाणी एकच निरोप : काम संपव. एवढं फळ्यावर लिहिलं असतं तर आमची निम्मी पाठांतरं वाचली असती.

१९५६ आधी बेळगावचा हा भाग मुंबई राज्यात होता, आणि स्वातंत्र्यानंतर तिथे इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरलं होतं. तोवर घरोघरी तर्खडकरांच्या तीन भागांच्या भाषांतरमालेचं राज्य. पद्धत भाषांतराची, त्यामुळे ‘वर म्हणजे ऑन’ हे समीकरण पक्कं झालं. मग वारं फिरलं. १९५४ साली एका इंग्रज कोशकाराने क्रियापदांच्या वाक्यरचनेचे २५ साचे मांडणारी मार्गदर्शिका काढली. १९५८ साली हैदराबादेत आणि १९६३ साली बंगळुरात इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करणाऱ्या संस्था निघाल्या. नियम सांगू नका, साचा घोटून घ्या, असा नवा दंडक आला. कल्पना चांगली होती. पण पन्नास पोरांच्या वर्गात साचा म्हणजे समूहगान झालं : ‘पुट इट ऑन, टेक इट ऑफ’. तोंडात बसलं, डोक्यात नाही. मी पाचवीत इंग्रजी सुरू केलं ते १९८०च्या दशकात. तेव्हा भाषांतरवाले आणि साचेवाले दोन्ही शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये बसत.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. कर्नाटकाने २००७ साली. मधली सात वर्षं शिनोळीचं पोर पहिलीत ‘सिट डाऊन’ म्हणायचं आणि बाचीचं पाचवीची वाट बघायचं. इथल्या पालकांना ते फार लागलं, आणि मराठी शाळेतून नाव काढून इंग्रजी माध्यमात घालणाऱ्यांना एक कारण मिळालं. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मातृभाषा माध्यम सक्तीचं करता येणार नाही असं म्हटल्यावर ती ओढ कायद्यानेही मोकळी झाली.

गंमत अशी की या जोड्या शाळेबाहेर कधीच्या रुळल्या होत्या. कॅम्पातल्या पलटणीत गेलेल्यांनी ‘फॉलिन’ (‘फॉल इन’, म्हणजे रांगेत उभं राहणं) गावात आणलं, अख्खं एक नाम म्हणून : ‘फॉलिन झालं’, ‘फॉलिनला उशीर’. कचेरीत फॉर्म ‘फिलप’ करतात, कन्नडमध्ये ‘फिलप माडु’. घरात लाईट ‘ऑफ कर’. मराठीने जोडी उचलली, शिवण घातली आणि मागे ‘करणे’ लावलं. म्हणून पोरगा ‘फिलप इट’ लिहितो. त्याच्या कानाला तो एकच शब्द आहे, मध्ये ‘इट’ घुसवायला फट कुठे आहे? ‘डिस्कस अबाउट’ ही चूकही तशीच, ‘विषयी चर्चा’ तिथे जशीच्या तशी जाऊन बसली.

गेल्या वर्षी पुतणीची वही बघितली. गाळलेल्या जागेत शब्दयोगी अव्यय भरा, असं लिहिलेलं, आणि खाली ‘पुट __ युवर शूज’. तिने ‘ऑन’ भरलं होतं, बरोबरची खूण होती. मी म्हटलं, शूजऐवजी ‘देम’ लिही. तिने न अडखळता ‘पुट देम ऑन’ लिहिलं. मग विचारलं, हा ‘ऑन’ कोण? म्हणाली, ‘‘शब्दयोगी, काका.’’