पालखी मुक्काम (पुणे)

आषाढी वारीच्या वाटेवर संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम यांच्या पालख्यांचा पुण्यात होणारा दोन रात्रींचा मुक्काम. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. पुण्यात दोन्ही सहसा नवमीला येतात.

पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याची प्रथा तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. तेव्हा दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा केला. मार्ग वेगळे झाले, तरी पुण्याचा मुक्काम दोन्ही सोहळ्यांनी राखला आहे.

आगमनाच्या संध्याकाळी फर्ग्युसन रस्ता आणि लक्ष्मी रस्ता माणसांनी भरून जातो. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती याच गर्दीची. मुक्कामाचा खरा संसार मात्र पूर्वेकडच्या पेठांत असतो. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात. देवळे लहान, त्यामुळे दर्शनाची रांग गल्ल्यागल्ल्यांतून वळत जाते. दिंड्या शाळांत, मंगल कार्यालयांत, देवळांत आणि वाड्यांत उतरतात. काही दिंड्यांची उतरण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते आणि घरमालक बदलला तरी वारकरी दारात येतातच. दुसरा दिवस म्हणायला विश्रांतीचा, पण त्या दिवशी धुणी वाळत पडतात, तुटलेल्या चपला शिवून घेतल्या जातात, कुणी दाढी-कटिंग करून देतो, कुणी पाय चेपून देतो, डॉक्टर फोडांना मलमपट्टी करतात. यातले बरेचसे फुकट. पिठलं-भाकरीच्या पंगती उठत राहतात आणि रात्री कीर्तने रंगतात. घर शोधत आलेले गावाकडचे नातेवाईक हाही मुक्कामाचा एक भागच. सेवा करणाऱ्यांच्या फलकांवर हल्ली इच्छुक उमेदवारांचे चेहरे विठोबापेक्षा मोठे दिसतात, हेही नोंदवायला हवे.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि पेठांतला मुक्काम चुकला.

पुण्याहून प्रस्थान सहसा एकादशीला, पहाटे होते. हडपसरला वाटा फुटतात: तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जातात, माउली दिवे घाट चढून सासवडला. सासवडची मजल सुमारे ३० किलोमीटरची असून बहुतेक वारकरी ती उपवासाच्या पोटी चालतात.