फिरता चषक कुणाचा? खानदेशातल्या जुन्या कप-ढालींच्या लिलावाची पार्श्वभूमी

खानदेशात जुना कप विकायला निघाला की तो आधी सराफाकडे जातो. सराफ टंच काढतो, म्हणजे धातूची शुद्धता तपासतो, तळातली लाख आणि लाकूड वजा करतो आणि मोडीचा भाव सांगतो. कपावर कोणत्या गावाचं, कोणत्या संघाचं, कोणत्या सालाचं नाव कोरलं आहे, याला त्या हिशेबात जागा नसते. आता मोबाईलवर फोटो टाकून बोली लावता येते, त्यामुळे कोरलेल्या अक्षरांनाही गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. मात्र त्यासोबत एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे: जो चषक दरवर्षी हात बदलण्यासाठीच केला होता, तो विकण्याचा हक्क कुणाला?

रेल्वेच्या आधीच्या काळातलं फारसं काही बाजारात येत नाही, आणि त्याला कारण आहे. यात्रेतल्या आम दंगलीत नारळावरची कुस्ती असे, मोठ्या जोडीला फेटा, भांडी, फार तर चांदीचं कडं. फेटा विरला, भांडं संसारात गेलं, कडं अडीअडचणीत मोडलं. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली, तिचे इंग्रज अधिकारी धरणगावात राहिले, शिकार आणि घोड्यावरचे खेळ खेळले. पण त्यांनी जिंकलेलं त्यांच्या सामानासोबत विलायतेला गेलं. इथे मागे राहिलं ते पुढच्या काळातलं, म्हणजे रेल्वे, गिरण्या आणि हायस्कुलं यांच्या काळातलं.

हा काळ साधारण विसाव्या शतकाचा पहिला अर्धा. १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग कर्मचाऱ्यांची वसाहत, इन्स्टिट्यूट, हॉकी-फुटबॉलची मैदानं. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे इथल्या कापडगिरण्यांच्या आसऱ्याने कामगारांचे संघ वाढले. हायस्कुलांनी आंतरशालेय सामने सुरू केले. प्रत्येक सामन्याला कोणीतरी कप दिला, कोणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ ढाल दिली. खानदेशी संग्राहकाच्या हाती येणारा बहुतेक माल या तीन ठिकाणांचा.

या मालाचं वय काढायला इथला इतिहास फार उपयोगी पडतो. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले: जळगाव मुख्यालय असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्यालय असलेला पश्चिम खानदेश. ही नावं राज्यनिर्मितीच्या वर्षापर्यंत, १९६० पर्यंत, टिकली. त्यामुळे ढालीवर ‘पूर्व खानदेश’ कोरलेलं असेल तर ती या ५४ वर्षांतली. नुसतं ‘खानदेश’ असेल तर ती १९०६ पूर्वीची, असं विक्रेते ठासून सांगतात. ते ग्राह्य धरू नये, कारण प्रदेशाचं नाव म्हणून लोक खानदेशच म्हणत राहिले, आजही म्हणतात. रेल्वेच्या कपांवर ‘जीआयपीआर’, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही अक्षरं असतात. त्या कंपनीचा कारभार १९२५ मध्ये सरकारकडे गेला तरी नाव चालू राहिलं, ते ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे होईपर्यंत. नंदुरबारच्या शाळेच्या कपावर ‘जिल्हा धुळे’ असेल तर तो १ जुलै १९९८ च्या आधीचा, कारण नंदुरबार जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला.

धातूवरच्या खुणा हा दुसरा पुरावा. विलायतेहून आलेल्या चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा ठसा असतो, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी. बाजूला शहराची खूण: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट, लंडनच्या बिबट्याचं तोंड, आणि सालाचं अक्षर. हिंदुस्थानात घडवलेल्या चांदीला तेव्हा अशी सरकारी तपासणी नव्हती. इथे सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये आणि चांदीचं २००५ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या देशी कपावर असतो तो पेढीचा स्वतःचा ठसा, आणि काही पेढ्या तो इंग्रजी ठशांसारखा दिसेल असाच घडवत. त्यावर विसंबून बोली लावणारा फसतो. टंच काढूनच बोलावं, या बाबतीत सराफाचं बरोबर आहे.

सगळ्यात जास्त दिसतो तो मात्र चांदीचा नसलेला कप. १८४० मध्ये इंग्लंडात विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट निघालं आणि जर्मन सिल्व्हरवर चांदीचा पातळ थर दिलेले कप स्वस्तात मिळू लागले. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी औषधालाही नाही. शाळा आणि लहान मंडळं असेच कप घेत. भरीव चांदीचे कप श्रीमंत देणगीदारांनी दिलेले, आणि तेच आज सापडत नाहीत. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोचली. अशा प्रत्येक तेजीत घरातली, कपाटातली चांदी मुशीत जाते, आणि जळगावसारखी सोन्या-चांदीची मोठी पेठ जवळ असताना ती लवकर जाते. २०२५ मध्ये चांदीने किलोला लाखाचा टप्पा मागे टाकला, तेव्हाही तेच. आपल्याकडे उरलेला संग्रह खोटा वाटतो, मुलाम्याचा वाटतो, त्याचं कारण हे आहे: ज्याला मोडीत भाव नव्हता तेच वाचलं. खानदेशातल्या विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांच्या खेळाचा लेखी पुरावा आज मुलाम्याच्या कपांवर आणि पितळी ढालींवरच आहे. संग्राहकांनी या कपांना हलकं मानू नये.

आता फिरत्या चषकाकडे येऊ. याबाबत उघड भांडणं होतात आणि लिलावांत मुद्दाम गोंधळ ठेवला जातो, म्हणून थोडं सविस्तर.

फिरता चषक किंवा फिरती ढाल विजेत्याला एका वर्षापुरती मिळते. कपाच्या पायथ्याला किंवा ढालीच्या लाकडावर छोट्या पट्ट्या असतात, दरवर्षी विजेत्याचं नाव कोरलेली एक पट्टी लागते. पुढच्या वर्षी ढाल परत करायची. अडचण येते ती सामनेच बंद पडले की. गिरणी बंद पडली, मंडळ मोडलं, आयोजक गेले. ढाल शेवटच्या विजेत्याच्या शाळेत किंवा कप्तानाच्या घरी राहिली. तिथे ती तीस-चाळीस वर्षं धूळ खाते, आणि एक दिवस साफसफाईत बाहेर येते.

तिच्यावर हक्क सांगणारे तिघे असतात. शेवटचा विजेता म्हणतो, ढाल आमच्याकडे होती, कोणी परत मागितली नाही. देणगीदाराच्या घरचे म्हणतात, ‘स्मरणार्थ’च्या पुढचं नाव आमच्या आजोबांचं आहे. आयोजक संस्थेचे वारस, म्हणजे तिची जागा घेतलेलं मंडळ किंवा बंद गिरणीची मालमत्ता विकायला नेमलेला लिक्विडेटर, म्हणतात, सामने आमचे होते. यात एक जास्तीचा पेच आहे. पुष्कळ ठिकाणी सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला चषक कायमचा मिळत असे. फुटबॉलच्या विश्वचषकाला असाच नियम होता, फक्त तीन विजय सलग असण्याची अट नव्हती: ब्राझीलने १९७० मध्ये तिसऱ्यांदा जिंकल्यावर तो ठेवून घेतला. (डिसेंबर १९८३ मध्ये तो रिओतून चोरीला गेला, पुन्हा मिळाला नाही, आणि वितळवला गेला असंच मानलं जातं.) म्हणून खानदेशातला विक्रेताही सांगतो, आमच्या शाळेने तीनदा जिंकली, ढाल आमचीच. असा नियम त्या सामन्यांना होता का, हे जुन्या नियमपत्रिकेशिवाय ठरत नाही, आणि नियमपत्रिका कोणी जपत नाही.

कायद्याचं उत्तर तत्त्वतः सोपं आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार विकणाऱ्याकडे जितकी मालकी आहे त्याहून जास्त तो देऊ शकत नाही. सांभाळायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्याची होत नाही. देणगीदाराच्या घरच्यांचा दावाही टिकत नाही, कारण ढाल सामन्यांना दिली होती, उसनी दिली नव्हती. राहतो आयोजक. पण तो नोंदणीकृत न्यास असला तरी वस्तू निसटते: सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, जंगम मालाला ती अट नाही. शाळेत कप डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवलेला असतो, आणि मोडकी बाकं, गंजलेले पंखे यांच्याबरोबर निर्लेखनाच्या, म्हणजे बाद सामानाच्या, यादीत जातो. आणि गिरणीचं सामान ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकलं जातं, तेव्हा कपाटाची बोली लागते, कपाटात काय आहे याची यादी होत नाही.

फिरती ढाल खाजगी लिलावात घालणं चूकच आहे, असं या लेखकाला वाटतं. आयोजक हयात असेल तर ती त्याला परत जावी. नसेल तर ज्या शाळांची नावं पट्ट्यांवर आहेत त्यांच्यापैकी एकीने ती भिंतीवर लावावी. त्याहून वाईट प्रकार आहे तो पट्ट्या उचकटण्याचा. ढालीवरच्या चांदीच्या पट्ट्या काढून मोडीत विकल्या जातात आणि मधलं पितळी चिन्ह तेवढं ‘जुनी ढाल’ म्हणून बोलीला येतं. काही ग्रॅम चांदीसाठी तीस वर्षांच्या विजेत्यांची यादी पुसली जाते, आणि त्या यादीची दुसरी प्रत कुठेही नसते.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या एफए कपची गोष्ट इथे बोलकी आहे. पहिला कप १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या खिडकीतून चोरीला गेला. १८९६ पासून वापरलेल्या दुसऱ्या कपाची रचना कोणीतरी नक्कल केली, म्हणून १९१० नंतर तो थांबवला आणि संघटनेने तो आपल्याच अध्यक्षांना रीतसर भेट दिला. त्यामुळे फिरता असूनही त्याची मालकी स्पष्ट झाली, आणि २००५ मध्ये तो लंडनच्या लिलावात ४,७८,४०० पौंडांना, तर २०२० मध्ये ७,६०,००० पौंडांना विकला गेला. आपल्याकडच्या ढालीमागे असा भेटीचा कागद क्वचितच असतो.

वैयक्तिक पदकाचं तसं नाही. ते जिंकणाऱ्याचं आणि त्याच्या वारसांचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मल्लाच्या घरच्यांनी २०१७ मध्ये लिलावात काढण्याचं जाहीर केलं, कारण २००९ मध्ये जाहीर झालेली कुस्ती अकादमी उभी राहत नव्हती. तेव्हा पुष्कळांनी घरच्यांना दोष दिला. पण पदक त्यांचं होतं आणि मागणी रास्त होती. सरकारी हातात दिलेलं सुखरूप राहतं असंही नाही: हॉकीत तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेल्या खेळाडूने १९८५ मध्ये नियोजित संग्रहालयासाठी ३६ पदकं आणि १९५६ च्या मेलबर्नचा ब्लेझर सरकारी क्रीडासंस्थेला दिला, आणि २०१२ मध्ये ते सापडत नाहीत हे उघड झालं. उलट धर्मादाय लिलावांना अलीकडे मोठ्या बोली लागतात. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली कर्णधाराची बॅट त्याच वर्षी लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, आणि टोकियोत सुवर्ण मिळवणाऱ्या खेळाडूच्या भाल्याला २०२१ च्या सरकारी ई-लिलावात दीड कोटी रुपयांची बोली लागली. या आकड्यांनी गावोगावच्या कपाटांकडे लक्ष वळलं, आणि भाबड्या अपेक्षाही वाढल्या. ती किंमत खेळाडूच्या नावाची होती. तालुक्याच्या कबड्डीचा कप त्या भावात जाणार नाही.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी खानदेशात लागू पडतात. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षं पूर्ण केलेली कारागिरीची वस्तू त्याच्या व्याख्येत बसू शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. जीआयपीआरचे जुने कप एकेक करून या वयात शिरत आहेत, त्यामुळे परदेशी लिलावात पाठवण्याआधी विचार करावा. दुसरी गोष्ट सातपुड्यातल्या शिकारीची. जुन्या वाड्यांत कपांच्या शेजारीच वाघाचं मुंडकं किंवा सांबराची शिंगं टांगलेली असतात, आणि वारस सगळं एका यादीत घालून विकायला काढतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा प्राण्याच्या अवयवालाच ट्रॉफी म्हणतो, आणि अशा वस्तूच्या विक्रीला मनाई आहे. बाळगायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ती यादीतून वेगळी काढून वनखात्याशी बोलणं एवढंच करता येतं.

चांदीची गदा हा या बाजारातला सर्वांत नवा माल. खानदेशात तिचं आकर्षण मोठं आहे: चाळीसगाव तालुक्यातल्या मल्लाने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली, आणि त्यानंतर गावोगावच्या आम दंगलीत गदा देण्याची चढाओढ वाढली. गदा आतून लाकडाची असते, वर चांदीचा पत्रा, त्यामुळे मोडीत ती दिसते त्याच्या मानाने फारच कमी देते. तीच गदा दंगलीच्या पत्रकासह, मल्ल आणि पंचांच्या फोटोसह आली तर संग्राहक वेगळा भाव देतो. म्हणून जाणते खरेदीदार बोलीआधी कागद मागतात: शाळेचा माल असेल तर संस्थेचा ठराव आणि निर्लेखनाची नोंद, घरचा असेल तर बक्षीस समारंभाचा फोटो किंवा वर्तमानपत्राचं कात्रण. फिरत्या ढालीसाठी तिसरा कागद लागतो, आयोजकाने सोडलेला हक्क. तो नसेल तर हातोडा पडला, खरेदीदाराचं कमिशन आणि जीएसटी भरून झाला, तरी ढाल परत मागायला कोणीही येऊ शकतं.