कामगारांचे जोडघर

एका छपराखाली, मधल्या सामाईक भिंतीच्या दोन अंगांना दोन कुटुंबांसाठी बांधलेले घर. अमेरिकेत त्याला ‘डबल हाउस’ किंवा ‘डुप्लेक्स’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘सेमी-डिटॅच्ड’. मराठीत डुप्लेक्स म्हटले की आतून जिना असलेला दुमजली फ्लॅट डोळ्यांपुढे येतो. तो अर्थ इथे बाजूला ठेवावा लागतो. औद्योगिक क्रांतीनंतर गिरणीमालकांनी उभारलेल्या वस्त्यांमध्ये या घरांची मोठी संख्या आढळते.

या घराचे मर्म भिंती मोजल्या की कळते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कारखानदार शहरांत पाठीला पाठ लावून घरांच्या रांगा बांधत. त्यांतल्या मधल्या घराला बाहेरची भिंत एकच, म्हणजे खिडक्या फक्त समोर आणि वारा आरपार जायला वाटच नाही. अशी नवी घरे बांधायला इंग्लंडमध्ये 1909 च्या कायद्याने बंदी झाली. साध्या रांगेतल्या घराला पुढची आणि मागची अशा दोन भिंती मिळतात. जोडघराला तीन मिळतात. मालकाची एक भिंत, छपराची एक बाजू आणि बरेचदा एक धुराडेही वाचते. राहणाऱ्याला तीन दिशांचा उजेड, स्वतःचे दार आणि घराच्या कडेने परसात जायची वाट मिळते. मालकाच्या काटकसरीतून कामगाराच्या पदरात इतके पडल्याची उदाहरणे त्या काळात थोडीच आहेत.

आतली मांडणी आरशातल्या प्रतिबिंबासारखी असते. दोन्ही घरांचे जिने किंवा चुली मधल्या भिंतीला टेकवलेल्या, त्यामुळे छपराच्या मध्यावर एकच जाड धुराडे दिसते. खाली बसायची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन-तीन खोल्या, मागे उतरत्या छपराची पडवी. दारे कधी मध्यावर शेजारी-शेजारी, कधी दोन टोकांना. हा फरक छोटा वाटतो, पण शेजाऱ्याचे तोंड रोज किती वेळा दिसणार हे त्यावर ठरते.

इंग्लंडमधल्या मिल्टन ॲबस गावात 1780 च्या सुमारास एका उमरावाने दृष्टीआड हवे म्हणून जुने गाव पाडले आणि दूर अंतरावर गवताने शाकारलेली, दोन-दोन कुटुंबांची एकसारखी घरे बांधली. त्याच सुमारास, 1781 मध्ये, वास्तुकार जॉन वूड (धाकटा) याने मजुरांच्या घरांचे आराखडे प्रसिद्ध केले. घरे जोडीने बांधावीत, म्हणजे आजारपणात किंवा अपघातात शेजारी मदतीला येईल, असे त्याने मांडले. जोडघरामागचा हा माणुसकीचा विचार खर्चाच्या हिशेबाइतकाच जुना आहे आणि तो विसरला जाऊ नये.

अमेरिकेत घराचा प्रकार मजूर भरतीच्या पद्धतीने ठरवला. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहराच्या कापडगिरण्या अविवाहित मुलींना कामावर घेत, म्हणून तिथे वसतिगृहे उभी राहिली. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या अख्खे कुटुंबच कामाला लावत, त्यात मुलेही आली; तिथे कुटुंबाच्या घराची गरज होती आणि जोडघर हे त्याचे सोयीचे उत्तर ठरले.

या प्रकाराचे सर्वांत देखणे रूप मॅसॅच्युसेट्समधल्या होपडेल गावात पाहायला मिळते. ॲडिन बॅलू या धर्मोपदेशकाने 1842 मध्ये तिथे ख्रिस्ती समतेवर आधारलेली सामुदायिक वसाहत काढली होती. 1856 मध्ये वसाहतीचे मोठे भागधारक असलेल्या ड्रेपर बंधूंनी आपले भांडवल काढून घेतले आणि तो प्रयोग कोसळला. पुढे ड्रेपर कंपनी यंत्रमाग बनवू लागली. 1894 मध्ये बाजारात आलेला, रिकामी कांडी आपोआप बदलणारा नॉर्थ्रप माग तिने जगभर पोचवला. कामगारांसाठी तिने वळणदार रस्त्यांकडेला, झाडी राखून, लाकडी जोडघरे बांधली आणि भाड्याने दिली. छपरांचे उतार आणि ओसऱ्या यांत विविधता ठेवल्यामुळे दोन कुटुंबांचे घर लांबून एखाद्या ऐसपैस बंगल्यासारखे दिसते. मात्र घर कंपनीचे, म्हणजे नोकरी आणि छप्पर एकाच हातात; देखणेपणाची ही किंमत नजरेआड करता येत नाही.

फ्रान्समधल्या म्युलूझने याच मुद्द्यावर वेगळी वाट धरली. 1853 पासून तिथे चार घरे एकमेकांना कोपऱ्यात जोडून बांधली गेली. प्रत्येकाला दोन बाहेरच्या भिंती आणि बागेचा तुकडा मिळे, आणि हप्ते फेडून कामगार मालक होई. 1897 पर्यंत अशी 1,240 घरे झाली. मालकी मिळताच लोकांनी खोल्या आणि मजले वाढवले.

इंग्लंडमध्ये चॉकलेट कारखानदार जॉर्ज कॅडबरीने 1895 पासून बोर्नव्हिल हे गाव वसवले. प्लॉटच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा घराने व्यापू नये असा तिथे दंडक होता. कामगारांच्या घरांविषयीच्या 1918 च्या ट्यूडर वॉल्टर्स या सरकारी अहवालाने शहरी भागात एकरी 12 घरांची मर्यादा सुचवली आणि 1919 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर नगरपालिकांनी बांधलेल्या घरांत जोडघर रूढ झाले.

वारसा म्हणून जपताना हे घर अवघड जाते, कारण इमारत एक आणि मालक दोन. एक जण मूळच्या आडव्या फळ्या राखतो, दुसरा त्यांवर प्लॅस्टिकचे पत्रे ठोकतो. एकाची ओसरी उघडी, दुसऱ्याची काचा लावून बंद. अर्धेच छप्पर बदलले की सांध्यातून पाणी मधल्या भिंतीत उतरते आणि नुकसान दोघांचे होते. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घराचे नाव लागले तरी खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने केलेल्या बदलांना तेवढ्याने आडकाठी होत नाही. बंधन आणायचे तर ते स्थानिक नियमांनीच. म्हणून संवर्धनाची पाहणी दोन्ही अर्ध्यांची एकत्र करावी, आणि सुरुवात धुराड्याच्या मुळाशी, सामाईक छपराच्या सांध्यापासून करावी.