स्टेप बसल्या, मग हसू कुठे गेलं?
(लावणी आणि मंगळागौर बसवून घेणाऱ्या ग्रुपसाठी)

दर दुसरा ग्रुप आम्हाला हेच विचारतो : "ताई, स्टेप पाठ झाल्या, पण व्हिडिओत आम्ही सगळ्या भांडून आल्यासारख्या का दिसतो?"

कारण बहुतेक वेळा एकच. आधी पाय बसू देत, हसू रंगीत तालमीला आणू, असं तुम्ही ठरवता. पण आठ दिवस जबडा आवळून, ओठांतल्या ओठांत 'पाच-सहा-सात-आठ' मोजत नाचलात की तो आवळलेला जबडाही पाठ होतो. मग हसायला गेलं की पाय चुकतात, पाय सांभाळले की हसू जातं. हे सोडवण्यात आमचे दोन वर्ग जास्तीचे जातात, आणि शेवटी "ती अवघड स्टेप काढूनच टाका" अशी मागणी येते. स्टेप बिचारी निर्दोष असते.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना सतरंजीवर बसवतो. यावर कुरकुर होते, नाचायचे पैसे भरलेत म्हणून. पण बैठकीची लावणी आठवा. कलावंतीण बसल्या जागी नजर, भुवई आणि बोटांवर एकाच ओळीचे किती रंग दाखवते! तुम्हाला तेवढं करायचं नाही. धृपदाच्या चार ओळी बसून, गुणगुणत, एकमेकींकडे बघत करायच्या. तोंडात आकडे नकोत, गाण्याचे शब्द ठेवा. ओठ सैल राहतात आणि श्वासही अडकत नाही.

सबंध गाणंभर दात दाखवायचे नसतात. नाट्यशास्त्रात हसण्याचे ६ प्रकार दिले आहेत. पहिलं स्मित, त्यात दात दिसत नाहीत. दुसरं हसित, त्यात जरासे दिसतात. आमचं काम या दोघांवर भागतं : कडव्याला स्मित, धृपदाला हसित. गाल दुखत नाहीत. डोळे मात्र हसले पाहिजेत, नुसते ओठ ताणले की तिसऱ्या रांगेतूनही कळतं. त्यासाठी तिथेच ओळखीची एखादी मावशी हेरून ठेवा आणि तिच्याकडे बघून नाचा.

फुगडीला हा नियम लावू नका. दम लागला की खुशाल तोंड उघडून श्वास घ्या. फुगडी सुटली की हसू आपसूक येतं.

हसू पळवणारी दुसरी वस्तू म्हणजे नथ. दाबाची नथ सवयीची नसेल तर नाक ठणकतं, मोती वरच्या ओठाला टोचतात आणि बाई नकळत ओठ वाकडा करते. गेल्या खेपेला एका ग्रुपची पुढची रांग अख्खी अशीच नाचली. शेवटच्या तीन तालमी नथ घालूनच करा. आमच्याकडून नऊवारी आणि दागिने भाड्याने घेणाऱ्यांना नथ आठवडाभर आधी मिळते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नथ घरची असली तरी दाब सैल करून देऊ.

गणपतीतल्या तारखा आषाढातच भरतात. कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना आलेल्या ग्रुपला आम्ही नाही म्हणतो. चार दिवसांत पाय बसतील, चेहरा बसणार नाही, आणि नाव आमचं जातं.

पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस चालेल, नऊवारी नको. नथ मात्र पर्समध्ये असू द्या.