बॅटरीतले ३० टक्के गेले कुठे?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला शेजारच्या काकांनी दार वाजवलं. गच्चीवर सोलर, जिन्याखाली नवीकोरी लिथियम बॅटरी, तिच्या पडद्यावर ३० टक्के चार्ज, आणि घरात काळोख. "मला फसवलं," काका म्हणाले. बॅटरी चांगली होती. तिच्यात किती वीज उरली आहे हे ओळखणं मात्र कठीण असतं, आणि त्याचं कारण मला फार देखणं वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करू. गच्चीवर सोलर लावलं की घरातली वीज कधी जाणार नाही, असं जाहिराती सुचवतात. नेट मीटरिंगचा, म्हणजे जादा वीज लाइनला देऊन बिलातून वजा करून घेणारा, साधा इन्व्हर्टर लाइन गेली की भर दुपारीही बंद पडतो, आणि पडायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या पॅनेलचा शॉक बसेल. लाइन नसताना घर किंवा दुकान चालवायचं तर बॅटरी हवी आणि पॅनेल, बॅटरी, लाइन तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा.

घरगुती सोलरसाठी आता बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये या पदार्थावर शोधनिबंध छापला. ३.२ व्होल्टचे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. सेल १०० अँपिअर-तासांचे असतील तर साठा सुमारे ५ युनिट. पंखे, दिवे, फ्रिज मिळून ४५० वॅट धरले तर रात्र निघते.

बॅटरी चार्ज होताना लोखंडाच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने निघतो आणि त्याच्या जोडीचा लिथियमचा आयन आतल्या द्रवातून पलीकडच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतो. वीज वापरताना दोघेही परततात. गंमत पुढे आहे. लिथियम या स्फटिकातून सगळीकडून सारखं विरळ होत जात नाही. पदार्थाचे दोन भाग पडतात, एक लिथियमने भरलेला आणि एक रिकामा. चार्ज बदलतो तसं फक्त त्यांचं प्रमाण बदलतं.

बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर धरून पाहा. बर्फ पुष्कळ असो वा खडाभर, पारा ० अंशावरच थांबतो. तापमानावरून किती बर्फ उरला ते सांगता येत नाही. इथे तापमानाच्या जागी व्होल्टेज आहे. ८० टक्के चार्जला आणि ३० टक्के चार्जला ते जवळपास सारखंच असतं. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीत ॲसिड पातळ होत जातं तसं व्होल्टेज हळूहळू उतरतं, त्यावरून अंदाज बांधता येतो. इथे ते अगदी शेवटी एकदम कोसळतं.

म्हणून आतली सर्किट आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेची वही ठेवते. रोजची बारीकशी चूक साठत जाते. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज झपकन वर चढतं, तेव्हा वही पुन्हा १०० टक्क्यांवर जुळते. काकांची बॅटरी आषाढातल्या ढगांमुळे तीन आठवडे पूर्ण भरलीच नव्हती, म्हणून वहीत ३० टक्के दिसत होते आणि आत काही उरलं नव्हतं.

"पूर्ण उतरवून मगच चार्ज करा" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे, लिथियमला तो मारक ठरतो. दुसऱ्या दिवशी आम्ही इन्व्हर्टरची सेटिंग बदलून बॅटरी लाइनवरून शेवटपर्यंत भरली. त्या रात्रीपासून आकडा खरा दिसायला लागला.