वर्गणीची शीट, एआय आणि 501/-

आमच्या रामबागेतल्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडला, म्हणजे काकू म्हणाल्या तू कॉम्प्युटरवाला ना, मग तूच बघ बाबा. 112 ओळींची गूगल शीट, चार जणांनी आपापल्या मोबाइलवरून भरलेली, कुणी 501 लिहिलंय, कुणी 501/-. मी आळशीपणा केला, पूर्ण यादी कॉपी करून एआयच्या चॅटमध्ये टाकली आणि म्हटलं टोटल सांग. तो म्हणाला 61,437. पुन्हा विचारलं तर 60,937. आणि दोन्ही वेळा आवाज असा की सीएने सही करून दिलंय.

खरं तर त्याने बेरीज केलीच नव्हती. ही भाषा-मॉडेलं मजकुराचे तुकडे करतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि आधीचं सगळं बघून पुढचा तुकडा कुठला येईल त्याचा अंदाज लावतात. 61,437 हा त्याच्यासाठी एक आकडा नसून दोन-तीन तुकडे असू शकतात. छोट्या बेरजा जमतात, पण 112 रकमा म्हटलं की उत्तर नुसतं बेरजेसारखं दिसतं. आता काही असिस्टंट मागच्या मागे प्रोग्राम लिहून तो चालवतात, तेव्हा आकडा बरोबर येतो, कारण हिशोब प्रोग्रामने केलेला असतो.

म्हणून मी आता टोटल मागतच नाही, फॉर्म्युला मागतो. फॉर्म्युला ही भाषाच आहे आणि भाषेत हा गडी पक्का. तो शीटमध्ये टाकला की बेरीज शीटच करते, आणि तिला कितीदाही विचारा, तेच उत्तर देते.

तरी पहिल्या फॉर्म्युल्याने 4,509 रुपये गायब केले! नऊ जणांचे 501/- होते, ती पुढची रेघ-डॅश आली की शीटसाठी तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि बेरीज करणारं SUM (सम) फंक्शन शब्दांना गुपचूप वगळतं. ओळखायची खूण सोपी, आकडे खान्यात उजवीकडे चिकटतात, शब्द डावीकडे. हे एआयला सांगितल्यावर त्याने सबस्टिट्यूट, म्हणजे मजकुराचा तुकडा बदलणारं फंक्शन, लावून /- काढून टाकायचा फॉर्म्युला दिला, दहा सेकंदांत.

तारखांची गंमत तर वेगळीच. शीटच्या पोटात तारीख म्हणजे 1900 च्या सुरुवातीपासून मोजलेले दिवस, गणेश चतुर्थीची 27 ऑगस्ट 2025 म्हणजे 45896. आमच्या शीटची सेटिंग अमेरिकन निघाली, तिथे महिना आधी, त्यामुळे 12/08 ची वर्गणी थेट 8 डिसेंबरला गेली आणि 13/08 वाली नुसता शब्द होऊन बसली कारण तेरावा महिना नसतो. हसू नका, मार्च1 नावाच्या जीनलाही (जनुकालाही) एक्सेल तारीख करून टाकायचं, शेवटी 2020 मध्ये शास्त्रज्ञांनीच हात टेकले आणि जीनचं नाव मार्चएफ1 केलं.

आणखी एक, शीट चॅटमध्ये टाकण्याआधी फोन नंबरांचा कॉलम उडवा, बेरजेला तो लागत नाही.

शेवटी एआय म्हणाला देशपांडे दोनदा आलेत, रक्कम तीच, तारीख तीच, एक ओळ डिलीट करू का? मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अरे थांब, ते दोघं भाऊ आहेत, धाकटा वरच्या मजल्यावर राहतो, आणि बोलत नाहीत एकमेकांशी."