चाळीस मिनिटांचा अल्बम आला कुठून?

स्वतःच गाणी लिहून गाणाऱ्या कलावंताचा नवा स्टुडिओ अल्बम आला की त्यात बहुधा दहा-बारा गाणी असतात आणि सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास भरतात. डिजिटल फाइलला अशी काही मर्यादा नाही. हा साचा ग्रामोफोनच्या तबकडीवर ध्वनी कोरलेल्या खाचेने घालून दिला आणि खाच गेल्यावरही तो टिकून राहिला.

‘अल्बम’ हे आधी नुसतं वेष्टन होतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. त्याहून मोठा ऐवज असला की तीन-चार तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, फोटोंच्या अल्बमसारख्या घालून विकत. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीची ‘डस्ट बोल बॅलड्स’ व्हिक्टर कंपनीने १९४० साली अशीच काढली : दोन संच, प्रत्येकी तीन तबकड्या. त्यातलं ‘टॉम जोड’ इतकं लांब होतं की ते दोन भागांत तोडावं लागलं. एकाच माणसाची, एकाच विषयाभोवती फिरणारी गाणी एकत्र आली ती इथे. आजच्या अल्बमचा पूर्वज म्हणून बोट ठेवायचं तर याच संचांवर.

१९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली. बारीक खाचांमुळे बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २२ मिनिटं बसू लागली. चाळीस मिनिटांचा हिशेब तिथला.

बाजू याहून लांबवता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. मोठ्या आवाजाची, विशेषतः खर्जाची खाच रुंद डुलते. खाचा जवळजवळ आणल्या तर ती शेजारच्या खाचेत घुसते, म्हणून ध्वनीची पातळी उतरवावी लागते आणि मग तबकडीची खरखर वर येते. दुसरी अडचण वेगाची. फेरे तेवढेच असले तरी सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ सुमारे २१. तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो आणि गायकाचे ‘स’, ‘श’ फाटतात. बाजूच्या शेवटी संथ, हळुवार गाणं ठेवण्याची रीत यातूनही बळावली. ऐकणाऱ्याला जी खोल भावना वाटते ती पुष्कळदा खाच कापणाऱ्या तंत्रज्ञाची सोय असते.

एलपी आली म्हणून गायक लगेच गीतकार झाले नाहीत. बॉब डिलनच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये तेरापैकी दोनच गाणी त्याची होती. पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये बहुतेक सगळी. कॅरोल किंग तर १९७१ च्या ‘टॅपेस्ट्री’आधी कित्येक वर्षं इतरांसाठी गाणी रचत होती.

मधल्या काळात टेपने ध्वनिमुद्रणाची रीत पालटली. गिटारवादक लेस पॉलला १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं, म्हणजे टेपवर आठ स्वतंत्र पट्ट्यांत मुद्रण करणारं यंत्र मिळालं, पण साठच्या दशकात बहुतेक स्टुडिओ चार ट्रॅकवरच भागवत होते. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या तीनांवर नवं वाजवायचं. यात सारख्या पातळीची टेपची सरसर दोनदा मिळाली की ती ३ डेसिबलने वाढते, आणि एकदा एकत्र केलेल्या वाद्यांचा तोल पुन्हा बदलता येत नाही.

गिटार वाजवत गाणाऱ्याची पंचाईत मात्र ट्रॅक कितीही वाढले तरी सुटत नाही. दोन्ही एकत्र मुद्रित केलं तर गिटारच्या माइकमध्ये गळा शिरतो. चुकलेली ओळ फक्त गळ्याच्या ट्रॅकवर पुन्हा गायली की जुन्या ओळीची छाया मागे ऐकू येते. वेगवेगळं केलं तर लयीचा श्वास जातो. पुढून आणि मागून ऐकणारा, कडेने बहिरा असा माइक गिटारला लावून त्याची बहिरी बाजू तोंडाकडे वळवली तर गळती बरीच घटते, संपत नाही. म्हणून अनेकांना अखंड टेकच, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात केलेलं मुद्रणच परवडतं. निक ड्रेकचा ‘पिंक मून’ दोन रात्रींत झाला. गळा, गिटार आणि एका गाण्यात पियानो.

१९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक देणारा पोर्टास्टुडिओ आला आणि स्टुडिओ घरात शिरला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ची गाणी त्यावर नमुना म्हणून मुद्रित केली, पुढे बँडसोबत जमेनात, म्हणून १९८२ मध्ये ती कॅसेटच अल्बम झाली. पण तिच्यावरून तबकडी कापताना बराच त्रास झाला.

त्याच वर्षी आलेल्या सीडीत ७४ मिनिटं मावत. अल्बम फुगले, भरतीची गाणी वाढली. चाळिशीची शिस्त किती कामाची होती ते तेव्हा दिसलं. स्ट्रीमिंगवर लांबीचा प्रश्नच उरला नाही, तिथे पातळीचा आहे : स्पॉटिफाय गाणी सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे दाबून मोठा केलेला मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, खाली ओढला जातो आणि चपटा तेवढा राहतो. ज्यांना व्हायनिल, म्हणजे तबकडीही काढायचीय त्यांनी वेगळा मास्टर करावा, खर्ज डाव्या-उजव्या स्पीकरच्या मधोमध ठेवावा आणि गाण्यांचा क्रम बाजूनिहाय मिनिटं मोजूनच पक्का करावा.